पट्टा पडल्यानंतरचा एप्रिल : एका द्विशिक्षकी शाळेचा प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात शाळेची हजेरी वर्षातून दोनदा उलटीपालटी होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या, म्हणजे तोडीसाठी मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराच्या, गाड्या गावात लागतात, बोचकी, भांडी आणि शेरडं गाडीत चढतात आणि वर्गातली निम्मी लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की ती परत येतात. मागे राहिलेली आजी-आजोबांजवळ असतात, त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय हंगामी वसतिगृहातून होते. ही आमच्याकडची दरवर्षीची रीत. इथे मांडतोय ते २०२५ च्या मार्च-एप्रिलमधलं एका शाळेतलं प्रकरण. बालाघाटाच्या रांगेतलं छोटं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. लेकरांच्या घरच्या गोष्टी येणार आहेत, म्हणून गावाचं आणि कुणाचंही नाव देत नाही.

त्या वर्षी दोन गोष्टी जुळून आल्या. २०२४-२५ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला, ऐन विधानसभेच्या धामधुमीत सुरू झाला. ऊस कमी होता, त्यामुळे तो लवकर आटोपलाही. मार्चमध्येच टोळ्या परतू लागल्या. दुसरी गोष्ट परीक्षेची. एरवी वार्षिक परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायची आणि त्यानंतर शाळा नावापुरती भरायची. त्या वर्षी एससीईआरटीने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) पहिली ते नववीला राज्यभर एकच वेळापत्रक दिलं, ८ ते २५ एप्रिल. एकीकडून लेकरं लवकर आली, दुसरीकडून परीक्षा पुढे गेली. मधे महिनाभराहून जास्त अवधी असा मिळाला की पटावरची जवळजवळ सगळी लेकरं एका छताखाली होती. आमच्या भागात शिकवणाऱ्याला हे किती दुर्मीळ आहे ते वेगळं सांगायला नको.

या अवधीचं काय करायचं, हाच इथला प्रश्न.

परिस्थिती

माझ्या दोन्ही वर्गांत मिळून विशीच्या आत लेकरं. निम्मी नोव्हेंबरपासून गावातच होती. त्यांचा अभ्यासक्रम बऱ्यापैकी पूर्ण झाला होता, उजळणी सुरू होती. निम्मी फडावरून, म्हणजे ऊसतोडीच्या शेतांवरून, आलेली. काही जणांना तिकडे जवळच्या शाळेत थोडे दिवस बसता आलं होतं. शिक्षण हमी कार्डाची सोय त्यासाठीच आहे, पण कोपीपासून (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीपासून) शाळा दोन-तीन कोसांवर आणि घरी धाकटं भावंडं सांभाळायला दुसरं कुणी नाही, अशा वेळी कार्ड बोचक्यातच राहतं. बाकीच्यांनी पाच महिन्यांत पुस्तक उघडलं नव्हतं.

अशा वर्गात एप्रिल कसा जातो ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. उजळणी गावातल्या मुलांच्या वेगाने चालते. आलेली लेकरं मागच्या रांगेत बसतात, फळ्यावरचं उतरवून घेतात. आकारिक नोंदी, म्हणजे वर्षभराच्या मूल्यमापनाच्या नोंदी, भरल्या जातात, पेपर होतात, प्रगतिपुस्तकात ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ असं येतं आणि लेकरू वरच्या वर्गात जातं. जूनमध्ये नवा शिक्षक पहिल्यापासून ओळख करून घेतो, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्याला मूल कळू लागतं, तोवर दसरा येतो आणि लेकरू पुन्हा गाडीत.

चौथीच्या मुलांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर आणि राज्याने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या निर्णयानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झालं तर पुरवणी परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात मुक्काम. म्हणजे माझ्यासमोरच्या चौथीतल्या लेकरांपुढे बरोबर एका वर्षाने पहिल्यांदाच अडवणारी परीक्षा येणार होती. तीही दुसऱ्या गावच्या शाळेत, कारण आमच्याकडे पाचवी नाही. ज्या गुरुजींनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्या वर्गात, आणि मधे पुन्हा एक हंगाम. या लेकरांची आज काय अवस्था आहे हे नेमकेपणाने जाणणारे आम्ही दोघंच होतो. आम्ही ते कुठे लिहून ठेवलं नाही तर १ मेच्या निकालाबरोबर ते संपणार होतं.

एकेकट्याचं वाचन

पहिला निर्णय घेतला तो उजळणी थांबवण्याचा. पूर्ण नाही, पण सकाळचे पहिले दोन तास तिला हात लावायचा नाही असं ठरलं. शाळा सकाळचीच होती. पत्र्याच्या खोलीत साडेनऊनंतर बसवत नाही, त्यामुळे जे महत्त्वाचं ते सात ते नऊमध्येच व्हायला हवं.

त्या वेळात एकेक लेकरू माझ्याजवळ खिडकीपाशी येऊन वाचायचं. ५ मार्चपासून ३० जूनपर्यंत निपुण महाराष्ट्रचा, म्हणजे मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीच्या सरकारी अभियानाचा, कृती कार्यक्रम होताच. त्यात दुसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचनाचे आणि गणिताचे स्तर ठरवायचे होते. बऱ्याच ठिकाणी हे काम माहिती भरण्यापुरतं उरतं, कारण वरून तारीख आलेली असते. आम्ही त्याच कामाला जरा जास्त वेळ दिला. ‘शब्द स्तर’ असं लिहून पुढे जायचं नाही. कोणत्या शब्दाला थांबलं, थांबल्यावर काय केलं, चित्राकडे पाहिलं की माझ्या तोंडाकडे, हे वहीत टिपायचं.

यातून जे कळलं ते चाचणीच्या कागदावर कधी दिसलं नसतं. तिसरीतला एक मुलगा अस्खलित वाचतो असं मला वाटत होतं. त्याला दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा दिला तर तो तिसऱ्या ओळीला अडखळला. आमच्या पुस्तकातले धडे त्याला पाठ होते. हा हंगामाला न गेलेला मुलगा होता. उलट फडावरून आलेली एक मुलगी जोडाक्षर आलं की थांबायची, पण वाक्याचा अर्थ लागेपर्यंत पुढे सरकायची नाही. मागे जायची, पुन्हा वाचायची, आणि कळलं की मान डोलवायची. तिला जोडाक्षरांचा सराव हवा होता, एवढंच. दोघांच्याही प्रगतिपुस्तकात आधीच्या वर्षी एकच वाक्य होतं.

गावातलं एक गट, फडावरचं दुसरा गट अशी जी विभागणी आम्ही डोक्यात धरली होती ती आठवडाभरात मोडली. गट वाचनावरून पडले. दोन्हीकडची लेकरं मिसळली आणि मागची रांग राहिली नाही.

वजनकाट्याची पावती

गणिताचं सांगतो, कारण या महिन्यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे.

त्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांच्या मधे ‘माझी नोंद’ अशी कोरी पानं असायची. एका चौथीतल्या मुलाचं पुस्तक तपासताना त्या पानावर पेन्सिलने लिहिलेले आकडे दिसले. विचारलं, तर म्हणाला, “वडलाच्या पावत्या हायेत सर. म्या उतरून ठिवल्या.” दुसऱ्या दिवशी त्याने खरी पावतीच आणली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. वजनकाट्याची. भरलेल्या वाहनाचं वजन १८,४२० किलो, रिकाम्याचं ६,२५० किलो, निव्वळ ऊस १२,१७०.

त्याला ती वजाबाकी वहीत उभी मांडायला सांगितली. उत्तर आलं १२,२३०. दशकाच्या घरात दोनातून पाच जात नाहीत, म्हणून त्याने पाचातून दोन काढले. ही चूक तिसरी-चौथीत घरोघरी सापडते, आणि आपण ‘हातचा घेतला नाही’ म्हणून लाल फुली मारून मोकळे होतो. इथे फुली मारायची वेळच आली नाही. त्याने उत्तर पाहिलं, पावती पाहिली आणि म्हणाला, “सर, ह्ये चुकलं. साठ किलो जास्ती धरलेत. काट्यावाला असं करतच न्हाई.” मग तो स्वतःच बोटांवर मोजत खालून वर चढला. सहा हजार दोनशे पन्नासचे सात हजार व्हायला साडेसातशे, सातचे अठरा व्हायला अकरा हजार, वरचे चारशे वीस. बेरीज बारा हजार एकशे सत्तर. तोंडी हिशेब बिनचूक, मांडणी चुकीची.

चौथीच्या गणितात पाच अंकी संख्यांचीच वजाबाकी आहे. हा मुलगा पाच महिने वजाबाकी करत होता, आपण जिला वजाबाकी म्हणतो तशी मांडून नाही एवढंच. मला त्याला संख्या शिकवायच्या नव्हत्या. त्याच्या तोंडी हिशेबाचा आणि उभ्या मांडणीचा सांधा जुळवून द्यायचा होता. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा, अशा खेळण्यातल्या नोटा घेऊन दोन सकाळी बसलो तेव्हा ते जुळलं. त्यानंतर बाकीच्या लेकरांनी घरून पावत्या आणल्या. जी हंगामाला गेली नव्हती त्यांनी किराणा दुकानाच्या आणि दूध संकलनाच्या चिठ्ठ्या आणल्या. उजळणीसाठी ठरवलेले पुस्तकातले सरावसंच मग आम्ही उघडलेच नाहीत.

या पावत्यांमधून घरचं बरंच काही वर्गात येतं, आणि इथे शिक्षकाने जपून राहायला हवं. टोळीला पैसे किती मिळाले, उचल (मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे) किती फिटली, अंगावर किती राहिली, हे प्रश्न आपोआप पुढे येतात. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती, त्यामुळे घराघरांत ‘चौतीस टक्के’ हा शब्द होता आणि लेकरांनी तो विचारलाही. शेकड्याला चौतीस म्हणजे काय ते दगडं मांडून दाखवलं. उचलीचा हिशेब मात्र वर्गात घेतला नाही. ज्याच्या घरी अंगावर बाकी आहे त्याने ती फळ्यावर का मांडावी?

पन्हाळा

चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपतींचा इतिहास आहे. गावात राहिलेल्या मुलांना तो तोंडपाठ. सिद्दी जौहर, १६६० चा वेढा, पावसाळी रात्र, बाजीप्रभू, सगळं घडाघडा. पण यातल्या एकाही लेकराने पन्हाळा पाहिला नव्हता. आमच्याकडचे डोंगर उघडे, मार्चमध्ये करडे. गडाभोवती चार-चार महिने पाऊस कोसळतो म्हणजे काय, हे आमच्या लेकरांना शब्दांवरून कळणं कठीण.

फडावरून आलेली जी मुलगी जोडाक्षराला थांबते म्हणून वर सांगितलं, तिचे आईबाप वारणेच्या पट्ट्यात तोडीला होते. वेढ्याचा भाग दुसऱ्या मुलीने मोठ्याने वाचला तेव्हा ही मधेच म्हणाली, “त्यो डोंगर आमच्या फडातून दिसायचा.” वर्ग एकदम तिच्याकडे वळला. माथा कसा सपाट दिसतो, सकाळी धुकं असलं की डोंगर नाहीसाच होतो, कोपीच्या मागच्या ओढ्याला त्या दिवसांतही पाणी कसं असतं, हे ती सांगत राहिली. मी महाराष्ट्राचा नकाशा खाली जमिनीवर अंथरला. तिने आमच्या गावापासून गाडी कुठून कुठे गेली ते बोटाने दाखवलं. बार्शी, पंढरपूर, सांगली ही नावं तिला रस्त्यावरच्या थांब्यांवरून माहीत होती. कुठे चहा प्यायलो, कुठे रात्री गाडी पंक्चर झाली. मग इतरांनीही आपापले रस्ते दाखवले. एकाचा रस्ता थेट कर्नाटकात, बेळगावकडे गेला.

त्या दिवसापासून पन्हाळ्याचा पाठ ती स्वतः वाचायला मागू लागली. ‘सिद्दी’, ‘विशाळगड’, ‘खिंड’, ‘शत्रू’ हे शब्द तिने पेन्सिलने अधोरेखित केले होते. जोडाक्षरांच्या तक्त्यावर महिनाभर घालवूनही जे होत नाही ते याच पाठात झालं, कारण हा पाठ तिचा होता. परीक्षेपर्यंत ती पूर्ण पान सावकाश, न थांबता वाचत होती. वेग कमीच होता. पण अर्थ सुटत नव्हता.

या लेकरांकडे अनुभव असतो, असं आपण प्रशिक्षणात ऐकतो आणि मान डोलावतो. तो अनुभव वर्षाच्या कोणत्या वेळी वर्गात येऊ शकतो, हे मात्र कुणी सांगत नाही. तो येण्याची वेळ मार्च-एप्रिल. जूनपर्यंत लेकरं ते विसरलेली असतात, नाहीतर कुणी विचारलं नाही म्हणून गप्प झालेली असतात.

परीक्षा लांबली त्याबद्दल

एप्रिलअखेरपर्यंत परीक्षा नेण्याला त्या वर्षी मोठा विरोध झाला. शिक्षक संघटना बोलल्या, पालकही बोलले. विदर्भ-मराठवाड्यातलं ऊन, पाण्याची टंचाई, लग्नसराई, शिवाय पेपर तपासून निकाल लावायला मिळणारे दिवस, हे सगळे मुद्दे खरे होते. आमच्या गावात एप्रिलच्या मध्यापासून टँकर येतो. दहा वाजता घरी जाणारं लेकरू अनवाणी असलं तर पाय भाजतात.

तरीही माझं मत परीक्षा उशिरा घेण्याच्या बाजूने आहे. परीक्षा झाली की लेकरू शाळेत येत नाही, पालक पाठवत नाहीत, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. “आता पेपर झाले, आता कशाला साळा?” असं आजी विचारते आणि तिला पटेल असं उत्तर आपल्याजवळ नसतं. पेपर २५ तारखेला संपणार होते म्हणून लेकरं २५ पर्यंत आली. आमच्यासारख्या शाळेला त्या एका गोष्टीने जेवढं दिलं तेवढं एखाद्या उपक्रमाने क्वचितच दिलं असेल.

अडचण आली ती शेवटी. शेवटचा पेपर शुक्रवारी २५ एप्रिलला. निकाल १ मेला, झेंडावंदनानंतर. मधे एक रविवार, आणि ३० तारखेला अक्षय्य तृतीया, म्हणजे गावात किमान दोन लग्नं. एवढ्यात उत्तरपत्रिका, निकालपत्रकं, प्रगतिपुस्तकं, संगणकावरची माहिती. शिक्षकाने लेकरांबद्दल शांतपणे विचार करायचे जे चार दिवस असतात नेमके तेच कागदात गेले. उशिरा परीक्षा ठेवायची असेल तर निकाल मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी लावायला काय हरकत आहे, हे मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बोललो आणि इथेही लिहितो.

आम्ही यावर काढलेला मार्ग साधा होता. पेपर ज्या दिवशी झाला त्याच दिवशी शाळेतच तपासायचा, घरी गठ्ठा न्यायचा नाही. लेकरं खिचडी खाऊन गेली की बाई आणि मी समोरासमोर बसून तपासत होतो. निकालपत्रकाचे रकाने आधीच आखून ठेवले होते. त्यामुळे २६, २८ आणि २९ या तीन सकाळी मोकळ्या मिळाल्या.

पुढच्या गुरुजींसाठी एक पान

त्या तीन सकाळी आम्ही प्रत्येक लेकरामागे एक पान लिहिलं. हे काम आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी कशा भरल्या जातात ते उघड आहे. नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळतात. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘परिपाठात भाग घेतो’. हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून पुढच्या शिक्षकाला त्याचा काही उपयोग नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं तेव्हा या नोंदींमागचा हेतू चांगला होता. रकाने भरण्याच्या घाईत तो हेतू बाजूला पडला.

आमचं पान कुठल्याही नमुन्यातलं नव्हतं. अर्धा फुलस्केप, हाताने लिहिलेला. वाचनात नेमकं कुठवर आलं आणि कुठे अडतं. गणितात काय तोंडी येतं, काय मांडता येत नाही. कुणाशेजारी बसलं की बोलतं. घरी कोण असतं, दसऱ्यानंतर जाण्याची शक्यता आहे का, गेलं तर कुठल्या पट्ट्यात. आणि या वर्षी कुठल्या गोष्टीने डोळे चमकले. पान लिहिताना लेकरू समोर बसलेलं. जे लिहिलं ते त्याला वाचून दाखवायचं, आणि त्याला पटलं नाही तर बदलायचं. शेवटची ओळ त्याने स्वतः लिहायची.

पन्हाळावाल्या मुलीचं पान असं होतं :

“चौथीचं पुस्तक सावकाश, अर्थ लावत वाचते. र-काराची जोडाक्षरं (शत्रू, सूर्य, प्रकाश) अजून अडतात, पण थांबवू नका, ती स्वतः मागे जाऊन दुरुस्त करते. गुणाकार दोन अंकीपर्यंत. भागाकार सुरूच केलेला नाही, तिथून घ्यावा. मोठ्या वर्गात पहिले काही दिवस बोलणार नाही. नकाशा द्या, बोलेल. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा, हंगामात तिच्याकडेच असतो. आई-वडील या वर्षीही वारणेकडे जाणार असं सांगतात. आजी ठेवून घ्यायला तयार आहे, वसतिगृहात नाव घातलं तर राहील.”

खाली तिच्या अक्षरात : “मला गडाची पुस्तकं आवडतात. मला भागाकार शिकवा.”

‘आजी ठेवून घ्यायला तयार आहे’ ही ओळ कुणी विचारल्याशिवाय मिळत नाही. ती मिळाली कारण त्याआधी आजी नातीचं वाचन ऐकायला येऊन बसली होती. निपुणच्या कार्यक्रमातच चावडी वाचन होतं. मारुतीच्या पारावर संध्याकाळी लेकरांनी वाचायचं आणि गावाने ऐकायचं. नात पन्हाळ्याचं पान वाचताना आजीने ऐकलं, आणि घरी जाताना मला म्हणाली, “गुरुजी, हिला ठिवून घिऊ का मंग ह्या वर्साला?” मी फक्त हो म्हणालो आणि वसतिगृहाच्या यादीचं समजावून सांगितलं. पारावरचं वाचन पुढे फार चाललं नाही. जत्रा आली, वीज जायची, माणसं लग्नांना गेली. पण तेवढ्यातही काही घरांत ही चर्चा सुरू झाली. हंगामाला लेकरू न्यायचं की ठेवायचं हे ऑक्टोबरात ठरतं असं आपण समजतो. ते बहुतेक घरांत उन्हाळ्यातच ठरतं, मुकादमाची उचल घेताना. म्हणून शिक्षकाने बोलायचं तेही तेव्हाच.

काय झालं, काय झालं नाही

सगळ्यांची पानं झाली नाहीत. एक कुटुंब फडावरून परत येऊन पंधरा दिवसांत वीटभट्टीवर गेलं, त्यांची दोन लेकरं परीक्षेलाच नव्हती. त्यांच्याबद्दल जे माहीत होतं ते लिहून ठेवलं, पण समोर बसवून लिहिलेलं पान आणि आठवणीतून लिहिलेलं पान यात फरक पडतोच. सुट्टीत वाचायला म्हणून शाळेच्या कपाटातली पुस्तकं घरी दिली. बहुतेक परत आली, काही फाटून आली, आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. कपाटात ती कोरीच राहिली असती. गृहपाठाची जाड वही मुद्दाम दिली नाही. मे महिन्यात आमच्याकडे लेकरं पाणी भरतात, शेरडं राखतात, लग्नात वाढतात. त्यात वही कोण उघडणार?

१६ जूनला शाळा उघडली. चौथीची लेकरं दोन वेगवेगळ्या गावांत पाचवीला गेली. दाखल्याबरोबर पाकिटात पान दिलं होतं. एका शाळेत पाचवीचा वर्ग मोठा, साठच्या आसपास पट. तिथे ती पानं फायलीला लागली. वर्गशिक्षकांना दोष देता येत नाही, त्यांच्याकडे चार गावांची लेकरं आली होती आणि पान फक्त आमच्या लेकरांचं होतं. दुसऱ्या शाळेतल्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात फोन केला. म्हणाले, “सर, दाखल्याबरोबर असं काही कधी आलं नव्हतं. भागाकारापासून सुरू केलंय.” पन्हाळावाली मुलगी याच शाळेत होती. तिचं नाव वसतिगृहाच्या यादीत गेलं आणि ती त्या हंगामात गावी राहिली. पावतीवाला मुलगा मात्र गेला. त्याचे वडील म्हणाले, “पोराचा हिशेब पक्का हाय, मला काट्यावर संगं लागतो.” या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. त्याच्या हुशारीनेच त्याला फडाकडे ओढून नेलं, आणि ती हुशारी वर्गात ओळखली गेली हेही खरं. दोन्ही लिहून ठेवतो.

आमच्या शाळेत पुढे बाईंची बदली झाली. नव्या मॅडम आल्या तेव्हा बाईंनी लिहिलेली पानं कपाटात होती. मॅडमनी पहिल्या दिवशी ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी नावं न विचारता लेकरांना नावाने हाक मारली. बदल्यांच्या काळात शाळेची सगळी जाण एका माणसाच्या डोक्यात असते आणि तो माणूस गेला की ती जाते. हे थांबवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी दिसलेला नाही.

दाखल्याच्या नमुन्यात अशा पानाला जागा नाही आणि ती असावी अशी मागणीही मी करणार नाही. छापील रकाना झाला की त्याचंही नोंदींच्या पुस्तकासारखं होईल. केंद्रातल्या सहा-सात शाळांनी आपापसांत ठरवून पाचवीच्या शाळांना पानं द्यावीत, एवढा ठराव शिक्षण परिषदेत झाला आहे. मोठ्या वर्गाच्या शाळेने एक मागणी केली. पान अर्ध्या पानाऐवजी पाच ओळींचं करा आणि सगळ्या गावांचं एकाच वेळी द्या, म्हणजे वाचून होईल. ती रास्त आहे.

पावतीवाल्या मुलाच्या प्रकरणावरून आम्ही आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. दसऱ्याआधी, गाड्या लागण्याच्या वेळी, जाणाऱ्या प्रत्येक लेकराचं पान पुन्हा लिहायचं आणि शिक्षण हमी कार्डाला टाचून द्यायचं. मागच्या बाजूला मुकादमाचा फोन आणि कारखान्याचं गाव लिहून घेतो, म्हणजे टोळी तिथे पोचली की त्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांशी आम्हालाच बोलता येतं.